मला कुठे मोजायचं

आमच्या घरामागच्या कुंपणापलीकडे सागाची चौदा झाडं आहेत. फेब्रुवारी सरत आला की त्यांची पानं गळतात. सागाचं वाळकं पान अलगद येत नाही. फांद्यांना आपटत, खरखरत येतं आणि खाली पडताना चपलेचा आवाज करतं. दर वेळी वाटतं, कोणीतरी आलं. काल संध्याकाळी पाच ते सात या दोन तासांत मी सहा वेळा उठून मागच्या दारापर्यंत गेलो. कोणी येणार नव्हतं हे मला माहीत होतं. सुजाता यायची असती तर पुढच्या दारानं आली असती.

सुजाता आमची एकुलती एक मुलगी. नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. मागच्या रविवारी तिनं फोनवर विचारलं, "बाबा, खोलीत आम्ही तिघी आहो, तरी मले लय एकटं वाटते. मी वापस येऊ का?"

मी आकड्यांचा माणूस. चोवीस वर्षं शाळेत गणित शिकवतो आहे. टेबलावरचा कागद ओढला आणि तिला मुद्दे सांगितले. एक, सकाळी लवकर उठायचं. दोन, संध्याकाळी अर्धा तास चालायचं. तीन, खोलीतल्या मुलींशी स्वतःहून बोलायचं. चार, परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस पुढचा सोमवार आहे, तो चुकला तर वर्ष गेलं. पाच, असं सगळ्यांनाच वाटतं आणि निघून जातं. प्रत्येक मुद्द्याला ती 'हो' म्हणाली. पाच वेळा हो. मग तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आईशी बोलते आणि शेवटी म्हणते, "बाबांले सांग, मी ठीक आहो." फॉर्म अजून भरलेला नाही, हेही आईकडूनच कळलं.

कुंदा, माझी बायको, भांडी विसळता विसळता म्हणाली, "पोरीनं तुमाले विचारलं, येऊ का. तुमी तिले टाइमटेबल देल्लं."

हे झोंबलंच. जास्त झोंबलं ते वेगळ्याच कारणानं. ही चूक माझ्या हातून दुसऱ्यांदा झाली होती. पहिल्यांदा झाली तेव्हाही सागाची पानं गळत होती.

आठ वर्षांपूर्वी माझी बदली अहेरीला झाली. चंद्रपूरहून एसटीनं साडेचार तास. कुंदाची नोकरी चंद्रपुरात, सुजाता अकरा वर्षांची, तिची शाळाही इथलीच. म्हणून मी एकटाच गेलो. गावाच्या कडेला खोली घेतली. दहा बाय बारा, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर साग.

शाळेत असेपर्यंत ठीक असे. शाळा सुटली की हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. मी खोलीतून चौकात जाई, चौकातून परत खोलीत येई. वाटेत काय विसरलो ते आठवत नसे, पण काहीतरी विसरलो आहे असं सारखं वाटे. त्या दिवसांत गावाला धुराचा वास असायचा. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचा धूर. त्यात बाजाराच्या दिवशी टोपल्यांतून आलेल्या मोहफुलांचा गोड, जरा आंबूस वास मिसळायचा. घरी त्याच वासानं भूक लागते. तिथे मी खिडकी लावून घ्यायचो. एका रविवारी मी मोजलं. दिवसभरात मी नऊ शब्द बोललो होतो. त्यांतले चार हॉटेलवाल्याशी आणि पाच स्वतःशी.

आजार आहे तर औषध पुस्तकात असेल, असा माझा समज. बी.एड.च्या वह्या मी सोबत नेल्या होत्या. मानसशास्त्राला मला शंभरपैकी अडुसष्ट गुण होते, तत्त्वज्ञानाला एकसष्ट. शिवाय वडिलांनी दिलेलं धम्माचं एक पातळ पुस्तक होतं. आमचं घर बौद्ध. लहानपणापासून रविवारी विहारात जाऊन मांडी घालून बसायची सवय, आणि पाच स्कंधांची नावं पाढ्यासारखी पाठ. मी एका कागदावर तीन रकाने आखले आणि वर लिहिलं, 'मी म्हणजे काय?'

मानसशास्त्राच्या रकान्यात लिहिलं: माणसाला आपण कोण ते आधी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मूल आईच्या तोंडाकडे बघून स्वतःला ओळखायला शिकतं. हे वाचून मला बरं वाटण्याऐवजी धास्ती वाटली. इथे माझ्याकडे कोण बघत होतं? तत्त्वज्ञानाच्या रकान्यात लिहिलं: सगळ्यावर शंका घेतली तरी शंका घेणारा उरतोच. मला तर तोच नकोसा झाला होता. नेमका तोच उरत होता. तिसऱ्या रकान्यात पाच स्कंध लिहिले: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. म्हणजे शरीर, सुखदुःखाची जाणीव, ओळख, मनाची वळणं आणि भान. बुद्धाचं म्हणणं असं की या पाचांत शोधलं तर 'मी' कुठेच सापडत नाही. पाठ होतं ते, पण कधी शोधून पाहिलं नव्हतं. त्या खोलीत शोधलं. पाय दुखत होते, ते शरीर. कंटाळा आला होता, ती वेदना. बाहेर पान पडलं, कोणी आलं असं वाटलं, ती संज्ञा. उठून दारापर्यंत गेलो, तो संस्कार. कोणी नाही हे कळलं, ते विज्ञान. पाचही जण हजर होते. मग एकटं कोणाला वाटत होतं? तो सहावा काही मला सापडला नाही, पण त्याचं रडणं थांबत नव्हतं.

त्याच दिवसांत जनगणना आली. आम्हा शिक्षकांना घरं वाटून दिली. मला मनातून आनंद झाला. रोज पंधरा-वीस घरी जायचं, माणसांत बसायचं, आणि हातात करायला मोजणीचं काम. माझ्या हद्दीत माझी खोलीही येत होती. तेव्हा माझा कागद मीच भरला. कुटुंबातल्या एकूण व्यक्ती: एक. पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव. खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या. मी प्रमुख होतो, पण कोणाचा, ते त्या कागदावर नव्हतं. पाच स्कंधांचं नेमकं याच्या उलट. तिथे घरात माणसं पाच आणि प्रमुख कोणीच नाही.

त्या संध्याकाळी बूथवरून घरी फोन लावला.

"मोजायले आले होते," कुंदा म्हणाली. "तीन लिवून देल्ले."

"तीन कसे? दोन."

"काऊन दोन? मी, सुजू आनि तुमी."

"मी इथं राहतो. माझी नोंद इथं झाली. एक माणूस दोन ठिकाणी मोजला तर मोजणी चुकते. मोजणारे पुन्हा फेरीला येतील, तेव्हा माझं नाव काढून टाकायला सांग."



"घरातून काढू तुमाले?"

"घरातून नाही गं. कागदावरून."

"बरं," ती म्हणाली. "काढतो."

पुढचे दोन आठवडे तिच्याकडून 'हो', 'नाई' आणि 'सुजू झोपली' यापलीकडे काही आलं नाही. मी नियमानं बरोबर होतो. आजही तो नियम मी तसाच सांगेन. पण ती तीन म्हणाली तेव्हा ती मोजत नव्हती, मला बोलावत होती, हे मला बूथवर कळलं नाही.

गफूरभाऊंचं घर माझ्या यादीत शेवटच्या दिवशी आलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत टिनाचं छप्पर, पुढे दुकान, मागे राहायची खोली, मधे पडदा. सत्तरीचा माणूस, दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचा. भिंतीवर वीसेक दांड्या आणि पितळी पारडी टांगलेली. वारा आला की ती एकमेकांवर वाजत.

"बसा गुरुजी. उभ्यानं मोजाल तं चुकाल."

मी बसलो, कागद मांडीवर घेतला. नाव, वय, धंदा लिहिला.

"घरात किती जण राहता, गफूरभाऊ?"

"आपून दोघं."

मी शाईनं दोन लिहिलं आणि पडद्याकडे पाहिलं. आत कोणी असेल, चहा ठेवत असेल. "दुसऱ्यांचं नाव सांगा."

"ते तुमालेच मालूम."

"मला कसं असेल? घरच्या बाई आहेत का?"

"बेगमले जाऊन धा साल झाले. पोरगी बल्लारशाले देल्ली, मजेत आहे."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "मग दुसरं कोण?"

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात दोन अधिक एक चुकवणाऱ्या पोराकडे पाहतो. "तुमी बसले, मी बसलो. दोघं नाई तं का तीन होते?"

"मला धरायचं नाही, भाऊ. मी गेल्यावर तुम्ही किती उरता ते सांगा."

"तुमी गेल्यावर कोन मोजते?"

मी दोन खोडलं, एक लिहिलं आणि बाजूला खाडाखोडीची सही केली. सबंध हद्दीच्या कागदांत माझी तेवढी एकच खाडाखोड.

"करून टाकलं मले एक," गफूरभाऊ हसत म्हणाले, आणि पुन्हा कानस चालवू लागले.

मी निघायला हवं होतं. पण पाय निघाले नाहीत. गफूरभाऊ एका जुन्या तराजूची दांडी हातात धरून बघत होते. दोन्ही पारडी रिकामी, तरी एक बाजू बोटभर खाली. आम्ही सगळे बोलताना म्हणतो, अमुक माणूस तमुकाच्या पासंगालाही पुरत नाही. पण पासंग म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. रिकाम्या तराजूचा कल.

"नवा आनला तरी थोडा राह्यतेच," ते म्हणाले. "लोक माल टाकून पाह्यतात, मंग म्हन्तात वजन चुकलं. अरे, पयले रिकामा धरून पाहा ना." त्यांनी हलक्या पारड्याखाली तारेचा बारीक तुकडा गुंडाळला. दांडी सरळ झाली. "पासंग काहाडता नाई येत. किती आहे ते समजून घ्या, तेवढं बांधून टाका. झालं."

मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्यात बी आहे, गुरुजी. रिकामे बसले का दाराकडे झुकून राह्यले. तीनदा पाह्यलं मी."

मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं होतं.

दुसऱ्या फेरीत पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी आधीच विचारलं, "आनि तुमचं किती लिवलं?"

"एक. माझ्या खोलीत."

"एक तिथी, एक इथी. मंग येत जा ना इथी."

त्या वर्षी शाळा सुटल्यावर मी रोज जात राहिलो. आम्ही फार बोलत नसू. ते दांडी धरत, मी समोरून काटा पाही आणि 'डावीकडे', 'अजून जरा', 'बस' एवढं म्हणे. नऊ शब्दांचा रविवार पुन्हा आला नाही असं नाही. आला, पण मी तो मोजला नाही.

तेव्हापासून 'आपण' हा शब्द मला सतावतो. व्याकरणाचे गुरुजी सांगत, आपण हे आत्मवाचक सर्वनाम. म्हणजे स्वतः. 'आपलं आपण पाहावं' म्हणतो तेव्हा त्यात दुसरं कोणी नसतं. आणि 'चला, आपण जाऊ' म्हणतो तेव्हा समोरचा त्यात येतोच. 'आम्ही' म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं तर तो आत असतो. स्वतःसाठी आणि दोघांसाठी आपल्या भाषेनं एकच शब्द ठेवला आहे, हे मला पंचेचाळिशीपर्यंत दिसलं नव्हतं. सुजाता फोनवर म्हणाली होती, 'खोलीत आम्ही तिघी'. तिनं बरोबर शब्द वापरला होता. त्या 'आम्ही'त मी नव्हतो, आणि बहुतेक तीही नव्हती.

गफूरभाऊंचं गणित मी वर्गात मांडलं तर चूकच ठरेल. पण त्यात एक गोष्ट पक्की आहे. एकट्या माणसाला कोणी मोजायला गेलं की तो एकटा राहत नाही, आणि कोणी गेलं नाही तर तो एक आहे हे कळणार कोणाला? म्हणजे एकटेपणाची खरी नोंद कोणत्याच कागदावर होऊ शकत नाही. धम्माच्या त्या पातळ पुस्तकात होतं की कुठलीही गोष्ट आपल्या एकटीच्या बळावर उभी नसते, दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं होते. मी ते कागद, लाकूड, दिवा, वात अशा वस्तूंसाठी समजत होतो. माझ्या खोलीत रडणारा तो सहावा कोणी वेगळा नव्हता. पाचांनी मिळून दाराकडे पाहायची सवय लावून घेतली होती, एवढंच. हे समजल्यानं ती सवय गेली का? नाही गेली. चौदा झाडांची पानं गळतात आणि मी उठतो. पण आता उठलो की मला माहीत असतं, हा पासंग आहे.

एवढं लिहून झालं तेव्हा कुंदा खोलीत आली. मी तिला त्या फोनची आठवण दिली. बूथ, तीन, दोन.

"काढलं होतंस ना नाव?" मी विचारलं.

"नाई काढलं."

"म्हणजे?"

"ते मोजनारी बाई आली दुसऱ्यांदा. म्हने, काही बदल? मी म्हनलं, काही नाई." तिनं दोरीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि घड्या घालायला लागली. "तुमचं तुमी लिवा. माह्या घरात तीन होते."

म्हणजे त्या वर्षीच्या देशाच्या लोकसंख्येत एक माणूस जास्तीचा आहे, आणि तो मी आहे. ही चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. मला अस्वस्थ वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण थोड्या वेळानं मी तिच्याबरोबर घड्या घालायला बसलो.

इथपर्यंतचं शुक्रवारी लिहिलं होतं. पुढचं नंतर लिहितो आहे. सुजातानं फॉर्म सोमवारी भरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यासाठी कोणाला थांबून राहायला नको. मला लिहायचं आहे ते आदल्या रविवारचं.

सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. कुंदाला म्हटलं, तू चल. ती म्हणाली, "नाई. मी आली का ते माह्याशीच बोलन." वाटेत भद्रावती सोडल्यावर दोन्हीकडे पळस लागला होता. पहिली काही झाडं मोजली, मग सोडून दिलं. खिशातला कागद काढला. त्यावर सवयीनं मुद्दे लिहिले होते, या वेळी चारच. वरोऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्याची घडी घालून चहाच्या पेल्याखाली ठेवली आणि पेला देताना कागदही तिथेच राहू दिला.

वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत एक लांब लाकडी बाक, दोन खुर्च्या आणि बंद पंखा होता. मी बाकावर बसलो. बाहेर वाळकी पानं कोणी झाडत होतं. त्या आवाजाला मी दाराकडे पाहिलं नाही असं म्हणणार नाही. चार वेळा पाहिलं. पाचव्या वेळी ती दारात होती. केस विंचरलेले नव्हते, हातात एक प्लास्टिकचं फोल्डर होतं. ते तिनं पोटाशी धरलं होतं, पाऊस असल्यासारखं.

ती बसली नाही. "काही झालं का घरी?"

"नाही."

"मग?"

"बसायला आलो."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. कागद शोधत असावी. मी हात गुडघ्यांवर ठेवले होते. फोल्डरमध्ये फॉर्मच होता, वरच्या कोपऱ्यातून दिसत होता. मी त्याच्याविषयी विचारलं नाही. हे मला किती जड गेलं ते इथे लिहीत नाही.

तिनं फोल्डर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग तिनं विचारलं, "एकटेच आले का?"

मी आयुष्यभर शुद्ध बोलायची काळजी घेत आलो. शिक्षकाला घ्यावी लागते. पण उत्तर तोंडातून आलं ते अहेरीच्या गल्लीतलं. म्हटलं, "नाई. आपून दोघं."

ती झटकन वळली आणि दाराबाहेर पाहू लागली. आई मागे राहिली असेल, चप्पल काढत असेल. कोणी आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. मी सरकून बाकावर जागा केली. तिला किती वेळ लागतो ते मला मोजायचं नव्हतं.

तिसऱ्यांदा तिनं दाराकडे पाहिलं नाही, बाकाकडे पाहिलं.